कलकत्त्याची चार तिकिटं

आईनं कलकत्त्याचं नाव काढलं तेव्हा मी सहावीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. एप्रिलची दुपार होती. ती समोर जमिनीवर बसून लसूण सोलत होती आणि मान वर न करता म्हणाली, "या सुट्टीत कलकत्त्याला जाऊ या का आपण?"

माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. आमच्या घरात ते नाव बत्तीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. टीव्हीवर बातम्यांनंतर मोठ्या शहरांचं तापमान सांगत, तेव्हा मुंबई झाली, दिल्ली झाली की पप्पा उठून पाणी प्यायला आत जात. तहान लागलेली असो वा नसो. मी कॉलेजात असताना एकदा भूगोलाच्या नोट्समध्ये ते नाव लिहायची वेळ आली, तर नुसतं 'क' लिहून पुढे गेले होते.

मी विचारलं, एवढ्या लांब कशाला, महाबळेश्वरला जाऊ. आई म्हणाली, महाबळेश्वरला तिला काही बघायचं नाही. तिचे गुडघे अजून चालतात, मला सुट्टी आहे, पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. हे सगळं तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, बाजारातून कोथिंबीर आण म्हणावं तसं. मग सोललेला लसूण वाटीत घेऊन ती आत गेली. मी उरलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी परत एकदा तपासाव्या लागल्या.

आम्ही दोघीच राहतो, नाशिकच्या उपनगर भागात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी शाळेत शिकवते. माझं लग्न चार वर्षं टिकलं, मूल झालं नाही, आणि मी परत आईपप्पांकडे आले ती राहिलेच. पप्पा चार वर्षांपूर्वी गेले. आई नर्स होती, निवृत्त झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली. शिक्षिकेला मे महिना मोकळा मिळतो म्हणून लोकांना हेवा वाटतो, पण मी त्या महिन्यात कधी कुठे गेले नाही. स्टाफरूममध्ये सुट्टीचे बेत निघाले की मी सांगायचे, आईला सोडून कसं जाणार. विहारातल्या बायका दर उन्हाळ्यात बस ठरवून बुद्धगयेला नाहीतर सांचीला जातात. आईला दरवर्षी विचारतात. ती सांगायची, मुलीला सोडून कशी येऊ. दोघी एकमेकींच्या आड लपत होतो, आणि दोघींनाही ते कळत होतं.

खरं कारण असं होतं, की मे महिन्यात माझी धाकटी बहीण घरी असायची.

हे कसं सांगावं मला माहीत नाही. भूतबित मी मानत नाही, आमच्या घरात ते कुणीच मानलं नाही. पण ऊन तापायला लागलं आणि खिडकीवर ओला पडदा आला, की घरात एक माणूस जास्त आहे असं वाटायचं. दुपारी झोपून उठल्यावर मी अजूनही आधी पलंगाखाली बघते. शाळेच्या सहलीला मुलींना घेऊन धर्मशाळेत उतरले तरी बघते. मुली हसतात, बाईंना उंदराची भीती वाटते म्हणतात. मी त्यांना तसं समजू देते.

पलंगाखाली ती का असायची ते सांगते.

तेव्हा आम्ही ओझरला कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. पप्पा कारखान्यात तपासणी विभागात होते. मोजमापात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं असं त्यांचे सोबती सांगत. मी बारा वर्षांची होते, ती आठ. त्या वर्षी पप्पांना एलटीसी, म्हणजे कारखान्याची प्रवास-सवलत, घ्यायची होती. आमच्यापैकी कुणीच तोवर फिरायला म्हणून कुठे गेलेलं नव्हतं. लग्नाला, मातीला, गावाला, एवढंच. कुठे जायचं यावर घरात आठवडाभर बोलणं चाललं होतं आणि शेवटी निर्णय धाकटीनं घेतला. तिच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं, की कलकत्त्याला जमिनीखालून गाडी चालते. तिला ते खरं वाटेना. पप्पांनी खरं आहे म्हटल्यावर तिनं दुसरं कुठलं नावच ऐकून घेतलं नाही.

पप्पांनी आलेखाच्या कागदावर सगळा प्रवास आखला. आडव्या ओळीत दिवस, उभ्या ओळीत तास. रविवारी सकाळी नाशिकरोडला गाडी. सोमवारच्या रकान्यात दुपारच्या चौकोनात 'हावडा' असं लिहिलेलं. पुढे म्युझियम, पूल, मोठा वड, ट्राम. धाकटीनं बुधवारच्या रकान्यात पेन्सिलीनं स्वतः लिहिलं, 'जमिनीखालची गाडी'. तो कागद भिंतीवर चिकटवला होता आणि शेजारपाजारचे लोक येऊन बघून जात. आईनं शेजारणीकडून अंथरुणं बांधायचा होल्डॉल मागून आणला. निघायच्या आधीच्या रविवारी पप्पा आम्हा दोघींना नाशिकला घेऊन गेले, मेनरोडला फ्रॉक घेतले, आणि येताना भर उन्हात बर्फ घातलेला उसाचा रस पाजला. धाकटी दोन ग्लास प्यायली.

बुधवारी दुपारी तिचं अंग गरम झालं.

आई सकाळी ड्युटीला जायची ती चारला परत यायची. पप्पा पाचनंतर. सुट्टीत दिवसभर आम्ही दोघीच. जेवताना धाकटीनं भात बाजूला सारला आणि म्हणाली, डोकं दुखतंय. मी हात लावला तर कपाळ भाजत होतं. मी म्हटलं, आई आली की सांगू. त्यावर ती रडायलाच लागली. आमच्या वसाहतीतल्या एका मुलाला कांजिण्या आल्या तर त्यांचं गावाला जाणं रद्द झालं होतं, ते तिच्या लक्षात होतं.

"ताई, आईला सांगू नको. पप्पा तिकीट रद्द करतील. मी रविवारपर्यंत बरी होते."

मी नाही सांगितलं. लोक म्हणतील, बारा वर्षांच्या पोरीला काय कळतं. मला कळत होतं. मलाही जायचं होतं. माझा फ्रॉक निळा होता, त्याला मागे बो होता, आणि तो घालून मी गाडीच्या खिडकीत बसलेली मला स्वतःला दिसत होते. मी आईच्या डब्यातून तापाची गोळी काढली, अर्धी करून तिला दिली. ती पलंगाखाली शिरली, कारण तिथली शहाबादी फरशी सगळ्यात गार असायची. एक गाल फरशीला लावून पडून राहायची, तो गरम झाला की दुसरा. चार वाजायला आले की मी तिला बाहेर काढायचे, तोंड धुवायचे, पावडर लावायचे. आई दारात आली की ती उभी असायची.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस गेले. गुरुवारी ती बरीच बरी वाटली, आम्ही पत्तेही खेळलो. शुक्रवारी दुपारी तिला उलटी झाली. ती मी पुसून काढली. शनिवारी सकाळी ती उठलीच नाही, मान वळेना, डोळे उघडेनात. आईनं तिला उचललं, पप्पांनी कुणाची तरी जीप मिळवली आणि आम्ही नाशिकला एका दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

"कालपासून," आई म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः नर्स आहे."

मी पडद्यापाशी उभी होते. मला वाटलं, बिचाऱ्या आईला माहीतच नाही. आता बोलायला हवं, कालपासून नाही, बुधवारपासून, एवढंच म्हणायचं होतं. माझी जीभ हललीच नाही. डॉक्टर कागदावर लिहीत होते. लिहून झालं, आणि मग मला वाटलं, आता लिहून झालंय.

मेंदूज्वर होता. सोमवारी दुपारी ती गेली. घरी आलो तेव्हा भिंतीवरचा कागद तसाच होता आणि मी त्यावर सोमवारची दुपार बोटानं शोधली. ज्या चौकोनात 'हावडा' लिहिलं होतं, जवळपास तीच वेळ होती. पप्पांनी तो कागद काढला. फाडला असेल असं मला वाटलं होतं.

त्यानंतर पप्पांनी स्वतःच्या मनाशी एक गोष्ट पक्की केली. तो उसाचा रस. उन्हातून आणलेल्या लेकराला बर्फाचा रस पाजला, दोन ग्लास, म्हणून तिला ताप आला. कुणी भेटायला आलं की ते हेच सांगत. डॉक्टरांनी समजावलं, रसानं असं होत नाही, पण त्यांना ते पटलं नाही. पुढची अठ्ठावीस वर्षं उन्हाळ्यात रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की ते रस्ता बदलत. म्हातारपणी त्यांना भराभर चालता येत नव्हतं, तरी बदलत. मी बरोबर असायचे. मी त्यांचा हात धरून रस्ता ओलांडायचे आणि गप्प राहायचे.

हे सगळं आईनं लसूण सोलता सोलता उघडलं होतं. मी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी तिनं पत्र्याच्या कपाटातून, आपल्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटांच्या खालून, तो आलेखाचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. घड्यांवर फाटत आलेला, पण अक्षरं शाबूत. बुधवारच्या रकान्यातलं पेन्सिलीचं अक्षरही. मी विचारलं, हा पप्पांनी ठेवला होता? ती म्हणाली, नाही, त्यांनी कचऱ्यात टाकला होता, मी काढून घेतला. त्यांना माहीत नव्हतं.

मी मोबाइलवर तिकिटं बघायला बसले. नाव, वय, बर्थ. आईला खालचा बर्थ, मला मधला. आई शेजारी बसून चष्म्यातून बघत होती. "तिला सगळ्यात वरचा हवा होता," ती म्हणाली. "पडशील म्हटलं तर म्हणाली, पट्ट्यानं बांधा मला." मी बोटानं पुढचं पान उघडलं. त्या फॉर्मवर आणखी प्रवासी जोडा असं एक बटण होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. जोडलं तर वय काय लिहायचं, आठ की चाळीस, असा खरोखरच विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि मी फोन उलटा ठेवून पाणी प्यायला उठले. पप्पांसारखीच.

तिकिटं दोन निघाली. त्या आठवड्यापासून मला घरात राहणं अवघड व्हायला लागलं. आई दिवसभर तयारी करायची. पप्पांच्या कागदावरून नव्या वहीत उतरवून घ्यायची, ट्राम अजून चालते का ते मला विचारायची. मी उत्तरं द्यायचे, आणि मला वाटायचं की खोलीत तिसरं कुणीतरी ऐकत बसलंय. आपण हे पुन्हा करतोय, त्याच दिवसांत, तीच गाडी, आणि पुन्हा मी काहीतरी दडवून ठेवलंय. आईला सांगायचं असेल तर गाडीत बसण्याआधी सांगायला हवं, असं मी रोज ठरवायचे. चहा द्यायला जायचे आणि चहा देऊन यायचे.

निघायला पाच दिवस होते तेव्हा आम्ही देवळाली कॅम्पला गेलो. तिथल्या बाजारात कॅनव्हासच्या पिशव्या चांगल्या मिळतात, लष्कराच्या लोकांमुळे, आणि आईला चाकं असलेली बॅग नको होती. दुपारची वेळ, दुकानात फारशी गर्दी नव्हती. एक तरुण बाई मोठ्या दोन बॅगा बघत होती. जवानाची बायको असावी, हिंदी बोलत होती. सुट्टी लागल्यामुळे मुलाबाळांना घेऊन गावी निघालेली. दुकानाच्या बाकावर तिची पाचसहा वर्षांची मुलगी आडवी झाली होती, गाल लाकडाला टेकवून.

मी पिशवीची शिवण बघत होते. वळून पाहिलं तर आई त्या बाकाशी वाकली होती आणि तिचा तळहात त्या मुलीच्या कपाळावर होता.

"हिला ताप आहे," ती मराठीतच म्हणाली. मग हिंदीत, "बुखार है इसको. कब से है?"

बाई जरा गोंधळली. म्हणाली, काल थोडा होता, ऊन लागलं असेल, गोळी दिली आहे. उद्या सकाळची गाडी आहे, गावी गेल्यावर आराम मिळेल.

"कल नहीं. आज दिखाओ. अभी."

तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्या बाईला राग आला असावा, ती म्हणाली, माँजी, मी आई आहे तिची, मला कळतं. आई म्हणाली, "मैं भी माँ थी. और नर्स थी." एवढंच बोलून ती तशीच उभी राहिली, हात मुलीच्या कपाळावरून न काढता. दुकानदार आमच्याकडे बघायला लागला. मग बाईनं बॅगा तिथंच सोडल्या, मुलीला खांद्यावर घेतलं आणि बाहेर जाऊन रिक्षाला हात केला. ती दवाखान्यात गेली की घरी, ते आम्हाला कधी कळलं नाही.

पिशवी न घेताच आम्ही बाहेर पडलो. बसस्टॉपच्या शेडमध्ये आई बसली. लांबून सरावाच्या तोफांचे आवाज येत होते. पदरानं तिनं तोंड पुसलं, मग मान, मग परत तोंड.

"तीन दिवस होता तिला," ती म्हणाली.

मला आधी वाटलं ती त्या दुकानातल्या मुलीबद्दल बोलतेय. मग कळलं. हिला कळलं. कुणी सांगितलं? तिथं बसल्या बसल्या मी परत बारा वर्षांची झाले आणि आता मार बसणार अशी वाट बघायला लागले.

पण ती माझ्याबद्दल बोलतच नव्हती. ती सांगत होती, की बुधवारी संध्याकाळी वेणी घालताना तिचा हात धाकटीच्या मानेला लागला. "मला हात लावल्यावर कळत नसेल? रोज तेच काम करत होते मी." तिला वाटलं, उन्हाचा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल. पप्पांना सांगितलं तर ते जाणं रद्द करतील, त्यांचा स्वभावच तसा. ती रोज संध्याकाळी दुधात साखर घालून त्यात गोळी विरघळवून देत होती आणि सकाळी ड्युटीला जाण्याआधी एकदा. "मला जायचं होतं," आई म्हणाली. "माझं लग्न झाल्यापासून मी दवाखाना आणि घर, एवढंच बघितलं होतं. मला चार दिवस कुठेतरी जायचं होतं."

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिला लाज वाटली. नर्स असून तीन दिवस ताप लपवला असं कसं सांगणार, म्हणून 'कालपासून' म्हणाली. मग तो शब्द परत घेता आला नाही.

बस आली आणि गेली. आम्ही उठलो नाही. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला असता तरी चाललं असतं, आणि माझं माझ्यापाशी राहिलं असतं. मला ते करावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. पण मी सांगितलं. दुपारचा भात, अर्ध्या गोळ्या, पलंगाखालची फरशी, पावडर, शुक्रवारची उलटी. पडद्यापाशी उभी होते आणि बोलले नाही, तेही.

आई रडली नाही. ती समोर रस्त्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती हिशेब करतेय हे मला कळायला वेळ लागला. नर्सचा हिशेब.

"दुपारी तू देत होतीस," ती म्हणाली. "म्हणजे सकाळी, दुपारी, संध्याकाळी. म्हणून ताप चढलेला मला दिसलाच नाही. गुरुवारी मला वाटलं उतरला."

"मलाही तसंच वाटलं."

मग ती म्हणाली, "मी तिला सांगितलं होतं, दुधात गोळी आहे ते ताईला सांगू नको. ताई घाबरेल."

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. धाकटीला दोन्हीकडचं माहीत होतं. माझ्याकडून तिनं वचन घेतलं होतं आणि आईला वचन दिलं होतं. माझ्या हातची गोळी घेताना तिनं मला सांगितलं नाही, की सकाळी आईनंही दिली आहे. दूध पिताना आईला सांगितलं नाही, की दुपारी ताईनंही दिली होती. आठ वर्षांच्या मुलीनं तीन दिवस आम्हा दोघींची गुपितं सांभाळली आणि कुठेही चुकली नाही. ती पाहुण्यांसमोर घरातलं सगळं बोलून टाकणारी मुलगी होती. त्यावरून मार खायची.

त्या दिवशी आम्ही तिसऱ्या बसनं घरी आलो. स्वयंपाक केला, जेवलो. त्यावर पुन्हा बोललो नाही. नुसत्या एका घरात वावरत होतो, आणि वाटेत आडव्या आलो की एकमेकींना वाट देत होतो. मला वाटायचं, सांगून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात. तसं काही झालं नाही. आधी एक गोष्ट माझी होती, आता दोन होत्या. शुक्रवारी मी आईला विचारलं, तिकिटं रद्द करू का. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "एकदा केली आहेत रद्द."

आम्ही गेलो. बॅग शेवटी चाकांचीच घेतली. भुसावळनंतर आईला झोप लागली आणि मी तिच्या बर्थच्या कडेला बसून राहिले, ती पडेल या भीतीनं, जरी ती कधी पडत नाही. वरचा बर्थ एका नागपूरच्या विद्यार्थ्याचा होता. तो तिथं चढून झोपला तेव्हा आईनं डोळे उघडून एकदा वर बघितलं आणि कूस बदलली.

हावड्याला उतरलो तेव्हा दुपार होती. स्टेशनाबाहेर असा घाम येत होता की नाशिकचं ऊन थंड वाटावं. मला वाटलं होतं, फलाटावर आईला काहीतरी होईल. तिनं फक्त विचारलं, टॅक्सी कुठे मिळते. जमिनीखालच्या गाडीत आम्ही दुसऱ्याच दिवशी बसलो. स्वच्छ डबा, एसी, ऑफिसला निघालेली माणसं, मोबाइलमध्ये घातलेल्या माना. तीन स्टेशनं गेलो, उतरलो, सरकत्या जिन्यानं वर आलो. उन्हात येऊन आई म्हणाली, "एवढंच होतं?" तिचा आवाज चिडल्यासारखा होता. मी हो म्हटलं. मग तिला चक्कर आल्यासारखं झालं, आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो, दुकानदारानं पाणी दिलं. ती पाणी पीत होती आणि तिचा दुसरा हात माझ्या मनगटावर होता, नाडी बघतात तसा. कुणाची नाडी बघत होती कोण जाणे.

बाकीचे दिवस आम्ही दुपारी खोलीतच काढले. तिथं आई बोलायला लागली. पंख्याकडे बघत, उताणी पडून, धाकटीबद्दल. तिनं मांजराला कुंकू लावलं होतं ते, शाळेत बाईंना 'आई' म्हणाली आणि मग चार दिवस शाळेत गेली नाही ते. यातलं बरंचसं मला माहीत नव्हतं. मीही काही सांगितलं, पत्त्यात ती कशी लबाडी करायची ते. एकदा आई मोठ्यानं हसली आणि लगेच थांबून दाराकडे बघायला लागली. मीही बघितलं. दार बंद होतं. म्हणाली, "इथं आली असती तर कंटाळली असती. दमट हवा तिला सोसत नव्हती."

वडाचं झाड बघायचं राहून गेलं. दोघींच्याही अंगात त्राण नव्हतं.

परत आल्यापासून मे संपला, जून लागला, शाळा सुरू झाली. धाकटी आता पूर्वीसारखी घरात नसते. हे मी सुटका झाली म्हणून सांगत नाही. तिच्या जागी पप्पा येतात. संध्याकाळी चावी लावून घरात शिरताना मला ते खुर्चीत बसलेले वाटतात, काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखे. आईलाही वाटत असावं, कारण ती हल्ली त्या खुर्चीत बसत नाही, कुणाला बसूही देत नाही.

त्याची सुरुवात परतीच्या गाडीतच झाली होती. मनमाड गेलं, नाशिकरोडला तासभर राहिला होता. आई खिडकीशी बसली होती. बाहेर उघडी रानं होती आणि त्यांवर सकाळचं कोवळं ऊन होतं. ती माझ्याकडे न वळता म्हणाली, "त्यांना आपण सांगितलं असतं तर?"

मी विचार केला. पप्पांना मी जेवढं ओळखत होते तेवढ्यावरून विचार केला.

"ते काही बोलले नसते," मी म्हटलं. "आपल्या दोघींना एका शब्दानंही बोलले नसते."

"हो," ती म्हणाली. "तेच सोसलं नसतं."

मग तिनं चष्मा पुसला, अंगावरची चादर झटकली आणि घडी घालायला मला तिचं एक टोक दिलं.